आल्टोच्या ओळीतलं टिंब

मिलच्या गेटला कुलूप लागलं त्या आठवड्यात माझ्या टेबलावर चारशे वर्षांपूर्वीच्या एका युरोपियन मठातल्या गाण्यांचे फोटो पसरलेले होते, आणि त्यातलं एक गाणं जुळत नव्हतं.

हे फोटो इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका मराठी घरात कसे आले, ते आधी सांगायला हवं. मी संगीतात एम.ए. करून घरी बसले होते. शाळांमध्ये अर्ज दिले होते, कुठूनही बोलावणं नव्हतं. एक दिवस कॉलेजातल्या आमच्या मॅडमनी निरोप पाठवला की कॉन्व्हेंटमधल्या एका म्हाताऱ्या सिस्टरना सुरांची जाण असलेली, अक्षर चांगलं असलेली मुलगी हवी आहे. अक्षराची मला काळजी नव्हती. बाबा मिलच्या डिझाइन खात्यात होते. साड्यांचे काठ ते चौकटीच्या कागदावर काढायचे, एकेक चौकोन शाईने भरत. भरलेला चौकोन म्हणजे तिथे उभा धागा वर येणार, कोरा म्हणजे खाली जाणार. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून मी रेघा मारायला शिकले होते.

सिस्टर बेल्जियमहून चाळीसेक वर्षांपूर्वी इंदूरला आल्या होत्या. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि शाळेच्या मागच्या इमारतीत एका खोलीत राहत होत्या. खोलीत एक पलंग, पायाने भाता मारायची जुनी पेटी आणि फोटोंचे खोके. तरुणपणी, नन होण्याआधी, त्यांनी विद्यापीठात याच गाण्यांचा अभ्यास सुरू केला होता. तो अर्धवट टाकून त्या इकडे आल्या. म्हातारपणी त्यांनी तिकडच्या एका ग्रंथालयाला पत्रं लिहून लिहून त्या वह्यांच्या पानांचे फोटो मागवले. पण तोवर त्यांची एका डोळ्याची नजर गेलेली होती आणि दुसऱ्यात मोतीबिंदू उतरत होता.

पहिल्या दिवशी त्यांनी मला हिंदीत विचारलं, "तुम्हारे गाने में एक समय पर कितने सुर होते हैं?"

मी म्हणाले, "एक. और पीछे तानपुरा."

"यहाँ चार होंगे," त्या म्हणाल्या. "डरना मत."

मी घाबरलेच. चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या वाटांनी जायचे. सोप्रानो सगळ्यांत उंच, त्याखाली आल्टो, मग टेनर, सगळ्यांत खाली बास. सिस्टरनी पेटीवर पहिल्यांदा वाजवून दाखवलं तेव्हा मला वाटलं, चौघं जण चार गाणी म्हणताहेत आणि कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. महिनाभर ऐकल्यावर कुठे कळायला लागलं की त्यांचं एकमेकांकडेच लक्ष आहे.

त्या काळी या चार ओळी एका पानावर लिहीत नसत. प्रत्येक आवाजाची वही वेगळी. आल्टो गाणाऱ्याच्या हातात फक्त आल्टोची वही. मात्रा मोजायला उभ्या रेघासुद्धा नाहीत, नुसत्या चौकोनी खुणा एकामागून एक. त्यामुळे एका वहीत चूक झाली तरी त्या वहीत ती दिसत नाही. चारही ओळी एकाखाली एक मांडल्या की मग कळतं, कुणीतरी मागे पडलं आहे. आमचं काम तेच होतं. फोटोंवरून चारही ओळी आजच्या पाच रेघांच्या लिपीत एकाखाली एक मांडायच्या, आणि ती पानं तिकडच्या एका प्रोफेसरांकडे पाठवायची. ते अशा जुन्या संगीताची पुस्तकं संपादित करत होते.

सिस्टरचा एक नियम होता. पान पूर्ण झालं की गाऊन तपासायचं. मी एकेक ओळ सरगम करून म्हणायची, त्या ती पेटीवर बसवायच्या, आणि मग तीन आवाज त्या वाजवायच्या आणि चौथा मी गायचा. डोळ्यांनी जे सुटेल ते कानाला सापडतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्याआधी एक मुलगी हे काम करत होती. तिला त्यांनी काढून टाकलं होतं. "अंदाज करती थी," त्या म्हणाल्या. "मैंने पूछा, यह सुर कहाँ से आया? बोली, सिस्टर, यहाँ जमता था." मी ते नीट लक्षात ठेवलं.

मिलमध्ये वर्षभर कुरबुर होतीच. पाळ्या कमी झाल्या, मग सूत येईनासं झालं, मग एका सकाळी गेटवर नोटीस लागली आणि आत कुणाला सोडेनात. बाबा तरीही रोज आठ वाजता स्वच्छ शर्ट घालून निघायचे. सगळेच जायचे. गेटसमोर मांडव होता, तिथे बसायचे, कुणीतरी भाषण करायचं, संध्याकाळी परत यायचे. आई विचारायची, "काय म्हणाले?" बाबा म्हणायचे, "कुछ नहीं. आश्वासन." मग आई देपालपूरच्या मामांनी सुचवलेल्या स्थळाचा विषय काढायची आणि माझ्याकडे न बघता बोलायची. घरात त्या दिवसांत सिस्टर मला महिन्याला द्यायच्या त्या पैशांच्या पाकिटावरच भाजी येत होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. कुणी बोलून दाखवत नव्हतं.

त्यातच सिस्टरच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यांना भीती होती की नजर आली नाही तर काम कायमचं राहील. म्हणून त्याआधी उरलेली पानं टपालात पडायला हवी होती. शेवटची सहा पानं मी घरी नेली.

पाचव्या पानावर आल्टो जुळेना.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं. मग एका सुरापाशी आल्टो अर्धं पाऊल मागे पडला आणि मागेच राहिला. शेवटी चारही आवाज एका सुरावर येऊन थांबायला हवे होते, तिथे तिघं थांबले आणि आल्टो उशिरा आला. मी पुन्हा मोजलं. पुन्हा. फोटोत एका खुणेशेजारी टिंब होतं. टिंब म्हणजे तो सूर दीडपट लांब धरायचा. ते टिंब जरा वेडंवाकडं होतं, पण होतं. आणि पुढे नऊ मात्रांवर आल्टोला एक छोटी विश्रांती होती. ती विश्रांती नसती तर सगळं बरोबर येत होतं.

मी सिस्टरना विचारायला हवं होतं. सकाळी गेलेसुद्धा होते त्यासाठी. पण त्या दवाखान्यात न्यायची पिशवी भरत होत्या, हाताला मिळेल ते आत टाकत होत्या. "हो गया?" त्यांनी विचारलं. त्याच सकाळी बाबा म्हणाले होते की आता कोर्टातच जावं लागेल असं दिसतंय. माझ्या डोक्यात ती आधीची मुलगी आली. मी म्हणाले, "हो गया, सिस्टर."

"गा के देखा?"

"हाँ."

त्या दिवशी दुपारी घरी येऊन मी ती विश्रांती गाळली. कागदावर चारही आवाज नीट एकत्र येऊन थांबले. पान सुंदर दिसत होतं. मी सहाही पानं गुंडाळली आणि जीपीओत जाऊन रजिस्टर केली. खिडकीतल्या माणसाने शिक्का मारला तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पुढचे तीन आठवडे मी रोज दवाखान्यात जायचे. सिस्टरच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, त्यांची पत्रं वाचायचे. दर वेळी टपाल हातात घेताना मी आधी पाकिटांवरचे शिक्के बघायचे. जेवण जाईना. आईला वाटलं मला कावीळ झाली आहे, तिने माझ्या डोळ्यांत बघितलं, नखं बघितली. मी मनाला समजावत होते की कोण बघतंय. दोनशे पानं असतील, त्यातल्या एका पानावरच्या नऊ मात्रा.

मग प्रोफेसरांचं पत्र आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून मोठ्याने वाचायला लागले. पाकीट मिळालं, ऑपरेशनसाठी शुभेच्छा, असं काहीबाही. आणि वाचता वाचताच मी त्या परिच्छेदात शिरले, परत फिरायला वेळच मिळाला नाही. त्यांनी लिहिलं होतं की शेवटून दुसऱ्या पानावर आल्टो नऊ मात्रा बाकीच्यांच्या विरुद्ध चालतो आणि दर पावलाला घासतो. असं धाडस त्या मठाच्या संगीतात त्यांनी कधी पाहिलेलं नाही. हे मूळ वहीत असंच आहे का, याची खात्री हवी आहे. असेल तर पुढच्या महिन्यातल्या एका सभेत ते याच जागेवर बोलणार आहेत.

माझा आवाज थांबला. सिस्टर पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडे वळवून बसल्या होत्या आणि हसत होत्या.

"फिर से पढ़ो."

मी पुन्हा वाचलं.

"चालीस साल," त्या म्हणाल्या. "चालीस साल में मैंने यह नहीं देखा. तुमने देखा." त्यांनी हात पुढे केला, माझा हात शोधला आणि दाबला. मग लगेच उत्तर लिहायला सांगितलं. मी लिहून घेतलं: माझ्या मदतनीस मुलीने पान जसंच्या तसं उतरवलं आहे, तिच्या नजरेवर माझा पूर्ण भरवसा आहे, आपण खुशाल बोला. खाली त्यांनी चाचपडत सही केली. ती सही ओळीच्या बाहेर गेली.

ते पत्र मी टपालात टाकलं नाही. पर्समध्ये ठेवलं. जीपीओच्या पेटीपर्यंत दोनदा जाऊन आले. टाकलं असतं तर खोटं कायमचं झालं असतं, आणि फाडलं असतं तर सिस्टरना काय सांगणार? मी रोज दवाखान्यात जात होते आणि त्या रोज विचारत होत्या, "जवाब आया?" मी म्हणायचे, "अभी नहीं." पाच दिवस असे गेले. तिकडच्या सभेला आता आठच दिवस उरले होते.

सहाव्या दिवशी दुपारी बाबा लवकर घरी आले. मांडवात दोघांची हाणामारी झाली होती म्हणून सगळे उठले होते. आई शेजारी गेली होती. मी टेबलाशी तोच फोटो समोर ठेवून बसले होते. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"काय मामला आहे?" ते म्हणाले. "चार दिवस झाले, एकच पान घेऊन बसली आहेस."

मी सगळं सांगितलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. बाबांनी चष्मा काढून फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग उजेडाकडे तिरका धरला.

"हे टिंब शाईचं नाही," ते म्हणाले. "शाई अशी नाही दिसत. बघ, कड केवढी तीक्ष्ण आहे. भोक असेल. कीड लागली असेल कागदाला." त्यांनी पान खाली ठेवलं. "टिंब नाहीच, तर मग विश्रांती बरोबर आहे ना?"

मी बोटांवर मोजलं. बरोबर होती. सगळं पहिल्यापासून बरोबर होतं. मीच एक चूक केली होती आणि ती झाकायला दुसरी.

बाबा खुर्चीवर बसले. थोडा वेळ त्यांनी टेबलावरची पट्टी इकडून तिकडे सरकवली.

"मीही एकदा केलंय," ते म्हणाले. "तू तेव्हा पहिलीत वगैरे असशील. काठावर एक वेल होती. एक चौकोन मी चुकीचा भरला. एकच. पूर्ण थान, अख्खा तागा, विणून झालं तेव्हा समजलं, वेलीच्या प्रत्येक पानाचं टोक तुटलेलं. विणाई खात्याचा मास्तर कागद मागायला येणार हे माहीत होतं. मी तो चौकोन पांढऱ्या शाईने पुसला आणि मग कागद दाखवला. कागद बरोबर निघाला, म्हणजे चूक मागावरची. विणकराला पंधरा दिवस घरी बसवलं."

"मग?"

"मग काय. तो परत आला. माझ्याशी चांगला बोलायचा. त्याला अजूनही वाटतंय की त्याचंच काहीतरी चुकलं." बाबा उठले. "आता मांडवात माझ्या शेजारीच बसतो. रोज दोघं चहा घेतो."

सांगून टाक असं ते म्हणाले नाहीत. मी पर्स उचलली आणि दवाखान्याकडे निघाले.

त्या दिवशी सिस्टरच्या डोळ्यावरची पट्टी काढली होती. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मधूनमधून बोटं डोळ्यांसमोर धरून बघत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुम्हारी साड़ी नीली है." मला वाटलं आज नको. त्यांना आज काही सांगू नये. मग वाटलं, आज नाही तर सभा होऊन जाईल.

मी उभ्यानेच सांगितलं. टिंब भोक आहे, मी ते टिंब मानलं, जमेना म्हणून पुढची विश्रांती काढली. गाऊन बघितलं नव्हतं, खोटं बोलले. पत्र टाकलेलं नाही, हे बघा. मी पत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं.

बाहेर नर्सांची पाळी बदलत होती, बादल्यांचे आवाज येत होते. मग त्या म्हणाल्या, "गाओ."

"सिस्टर?"

"आल्टो गाओ. बिना बिंदु के. विश्राम के साथ."

मी गायले. आवाज फुटत होता. सिस्टर पलंगाच्या कठड्यावर तळहाताने मात्रा देत होत्या, खाली आणि वर, आणि ओठांतल्या ओठांत बास म्हणत होत्या. शेवटच्या सुरावर आम्ही दोघी एकत्र आलो. त्या काळजीपूर्वक थांबल्या, मग हात खाली घेतला.

"बिंदु आँख की गलती थी," त्या म्हणाल्या. त्या चिडल्या की त्यांचं हिंदी अगदी पुस्तकी आणि सावकाश व्हायचं. "मेरी आँख भी वही गलती करती. पर विश्राम तुमने निकाला. वह वहाँ लिखा था. किसी ने लिखा था, कि यहाँ साँस लो. तुमने उसे मिटा दिया."

त्यांनी मांडीवरचं पत्र उचललं.

"मैंने एक आदमी को लिख दिया कि मुझे तुम पर भरोसा है."

"पत्र गेलेलं नाही," मी मराठीतच म्हणाले. मग हिंदीत म्हणाले.

"लिख तो दिया," त्या म्हणाल्या. मग त्यांनी प्रोफेसरांचं पत्र मागितलं, वरचा छापील भाग डोळ्याला चिकटवून वाचायचा प्रयत्न केला, आणि माझ्याकडे दिला. त्यावर फोन नंबर होता. "चिट्ठी नहीं पहुँचेगी. फोन करो. तुम करो, मैं नहीं."

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, नुसतं बोलून त्यांना कळणार नाही, पान पाठवायला हवं. भंवरकुआं चौकात एका टेलिफोन बूथवर फॅक्सचं मशीन आलं होतं, बाहेर शिकायला जाणारी मुलं तिथून फॉर्म पाठवायची. बाबांनी त्यांचा सगळ्यांत जाड टाक काढला आणि ती आल्टोची ओळ मोठी करून काढली, टिंबाशिवाय, विश्रांतीसकट. मशीनला बारीक रेघ दिसत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. गेटला कुलूप लागल्यापासून त्यांनी टाक पहिल्यांदाच हातात धरला होता. बसण्याआधी त्यांनी हात धुतले आणि टॉवेलने कोरडे पुसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं टेम्पोने भंवरकुआंला गेलो. बूथवाला म्हणाला, "भिया, फॉरेन लाइन है, टाइम लगेगा." काचेच्या खोलीत जेमतेम एक माणूस मावत होता. बाबा बाहेर उभे राहिले, हातात ते पान गुंडाळी करून धरलेलं. मी नंबर फिरवला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लांबून घंटी वाजली, आणि एका बाईंनी मला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी विचारलं. मी नुसतं "प्रोफेसर, प्लीज, इंडिया" एवढंच म्हणत राहिले. पावलं ऐकू आली. मग एक म्हातारा, सौम्य आवाज.

मी पाठ करून गेले होते. तीन वाक्यं होती. ती टिंबाची जागा भोक आहे. मी एक विश्रांती काढली. चूक मूळ वहीची नाही, सिस्टरची नाही, माझी आहे.

पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं लाइन तुटली. मी "हॅलो, हॅलो" म्हणाले.

"हो, आहे," ते म्हणाले. "मला त्या नऊ मात्रा फार आवडल्या होत्या, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे."

"सॉरी," मी म्हणाले.

"नाही, नाही. तुम्ही फोन केलात, बरं झालं. मी पियानोवर रोज वाजवून बघत होतो." मग त्यांनी विचारलं की पान पाठवता येईल का. मी म्हणाले, माझे वडील बाहेर घेऊन उभे आहेत. त्यांनी फॅक्सचा नंबर सांगितला.

फॅक्स गेला. मशीनने पान आत ओढलं, बाबा वाकून बघत राहिले आणि ते दुसऱ्या बाजूने तसंच्या तसं बाहेर आलं तेव्हा बूथवाल्याला म्हणाले, "गया क्या? यह तो यहीं है." तो हसला. मला हसू आलं नाही.

प्रोफेसर त्या सभेत दुसऱ्याच विषयावर बोलले, असं नंतर कळलं. त्यांनी ग्रंथालयात माणूस पाठवून मूळ वहीसुद्धा तपासली. ते कीटकाने पाडलेलं भोकच होतं.

मला वाटलं होतं सिस्टर मला काढून टाकतील. आठ दिवस त्यांनी बोलावलं नाही. ते आठ दिवस मला त्या तीन आठवड्यांपेक्षा जड गेले. मग निरोप आला. मी गेले तेव्हा त्या पेटीशी बसल्या होत्या, डोळ्यावर जाड भिंगाचा नवा चष्मा, आणि शेजारी पहिलं पान. पाचवं नाही, अगदी पहिलं.

"शुरू से," त्या म्हणाल्या.

सगळी पानं आम्ही पुन्हा केली. त्यांना आता एका डोळ्याने जेमतेम दिसत होतं, त्यामुळे त्या फोटो बघायच्या आणि मी लिहिलेलं बघायच्या, आणि प्रत्येक खुणेवर बोट ठेवून विचारायच्या, "यह है?" मी म्हणायचे, "है." दिवसाला एक पान व्हायचं, कधी अर्धं. आणखी दोन चुका सापडल्या. एक माझी होती, एक त्यांची. स्वतःची सापडली तेव्हा त्या जोरात हसल्या आणि म्हणाल्या की आता बरं वाटलं. मला मात्र प्रत्येक पान उलटताना धडकी भरायची. ती आजतागायत गेलेली नाही. इतकी वर्षं मी हेच काम करते आहे, आणि अजून कुठलंही पान पाकिटात घालताना माझा हात एकदा थांबतो.

काम संपलं त्या महिन्यात सिस्टरनी ते गाणं चौघांकडून गाऊन घ्यायचं ठरवलं. कॉन्व्हेंटमधली एक तरुण सिस्टर सोप्रानो, दवाखान्यातला एक कंपाउंडर टेनर, शाळेचे ड्रिल मास्तर बास, आणि आल्टो मी. शाळेच्या प्रार्थनाघरात रविवारी दुपारी गायचं होतं. मी बाबांना चला म्हणाले. त्यांनी शर्ट इस्त्री केला आणि सगळ्यांत मागच्या बाकाच्या टोकाला बसले, उठून जायला सोपं पडावं तसे.

त्या नऊ मात्रा मी श्वास रोखून गायले. विश्रांतीच्या जागी थांबले, श्वास घेतला आणि पुन्हा सुरात आले. आणि पार झालं या आनंदात पुढच्याच साध्या ओळीत माझी जागा चुकली. चौघंही थांबलो. ड्रिल मास्तर खोकले. सिस्टर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "फिर से." दुसऱ्यांदा शेवटपर्यंत गेलो.

परतताना टेम्पोत गर्दी होती. बाबा आणि मी समोरासमोर बसलो होतो. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"समजलं काही नाही," ते म्हणाले. "पण चौघं शेवटी एका ठिकाणी आलात ना, ते छान होतं." थोड्या वेळाने म्हणाले, "राजवाड्याकडे एक रेडीमेडवाला आहे. फ्रॉकवर कशिदा काढतो मशीनवर. त्याला नक्षी काढून देणारा माणूस पाहिजे. उद्यापासून मी गेटवर जाणार नाही."

आईला हे घरी गेल्यावर सांगितलं. तिने आधी विश्वास ठेवला नाही, मग विचारलं, डबा किती वाजता लागेल. त्या विणकराला बाबांनी कधी काही सांगितलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मिल पुन्हा उघडली नाही, आणि देपालपूरच्या स्थळाने परस्पर दुसरीकडे जमवलं.

दीड वर्षाने प्रोफेसरांकडून एक पाकीट आलं. आत आणखी एका मठाच्या वह्यांचे फोटो होते आणि एक छोटं पत्र. सिस्टर तोवर दक्षिणेतल्या त्यांच्या संस्थेच्या आश्रमात कायमच्या राहायला गेल्या होत्या, त्यामुळे मला वाटलं ते चुकून आलं. मी पाकीट उलटून बघितलं. पत्ता परदेशीपुऱ्याचा होता आणि त्यावर माझं नाव होतं.